हरलेल्याने पुढच्या सामन्याचं मार्किंग करायचं

स्नूकरच्या पात्रता फेऱ्यांमध्ये एक पद्धत असते. प्रत्येक टेबलाला स्वतंत्र पंच नेमणं आयोजकांना परवडत नाही, म्हणून जो सामना हरतो तोच त्या टेबलावरच्या पुढच्या सामन्याचा मार्कर होतो. पांढरे हातमोजे घालायचे, गुण मोजायचे, भोकात गेलेले रंगीत चेंडू काढून पुन्हा जागेवर ठेवायचे, फाउल झाला तर सांगायचं. हरल्यावर लगेच घरी पळता येत नाही. मला ही पद्धत आधीपासून माहीत होती आणि ती योग्यही वाटत होती. त्या दुपारी चेन्नईतल्या त्या हॉलमध्ये हातमोजे माझ्या हातात आले, तेव्हा पहिल्यांदा ती अवघड वाटली.

आमच्या गटात तिघंच होतो. एक मी. दुसरे मैलापूरचे एक काका, बँकेतून निवृत्त झालेले. तिसरा एक व्यावसायिक खेळाडू, वय पंचवीसच्या आसपास, परदेशात खेळून आलेला. तिघांतले दोघं मुख्य फेरीत जाणार होते. सकाळी मी काकांना तीन-दोन फ्रेमनी, म्हणजे डावांनी, हरवलं. त्यानंतर त्या खेळाडूने मला तीन-एक असं हरवलं. आता उरला होता त्याचा आणि काकांचा सामना. तो जिंकला तर मी मुख्य फेरीत. काका जिंकले तर तिघांचा एकेक विजय होणार, मग फ्रेमचा फरक मोजणार आणि त्यात मी सगळ्यात खाली. आणि या सामन्याची मार्कर मीच, कारण आधीचा सामना मी हरले होते.

मुख्य फेरी मला का हवी होती ते सांगायला थोडं संकोचल्यासारखं होतं, कारण त्यात खेळाचं प्रेम कमी आणि हजेरीची भीती जास्त होती. आमच्या कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. माझी एकाहत्तर भरत होती, सरावापायी. खेळासाठी बाहेर असलेल्या दिवसांची हजेरी कॉलेज देतं, तिला इथे सगळे ओडी म्हणतात. आमच्या पीटी मास्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मेन ड्रॉमध्ये नाव आलं तर सरावाचेही सगळे दिवस मी ओडीत बसवतो. नाही आलं तर माझ्याकडे येऊ नकोस." ओडी नाही तर हॉल तिकीट नाही, आणि हॉल तिकीट नाही तर पूर्ण सेमिस्टर पुढच्या वर्षी ज्युनियर मुलांबरोबर. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. सेमिस्टर जाणं म्हणजे काय हे आईला समजावता आलं नसतं. ती एवढंच म्हणाली असती, "म्हणजे नापास झालीस?"

बाबा त्या दिवशी माझ्याबरोबर आले होते. ते चेन्नईजवळच्या आवडी गावात एका सरकारी कारखान्याच्या ऑफिसर क्लबात मार्कर आहेत. भुसावळकडचे एक साहेब बदलीवर इथे आले, त्यांनी बाबांना सोबत आणलं. साहेब परत गेले, बाबा राहिले. गेली वीसेक वर्षं ते त्या एकाच टेबलाचं कापड ब्रशने साफ करतात, त्याला इस्त्री करतात आणि साहेब लोकांचे गुण मोजतात. क्लब बंद असायचा तेव्हा मी त्याच टेबलावर शिकले. बाबा स्वतः कुठल्याच स्पर्धेत कधी खेळले नाहीत. हॉलमध्ये ते भिंतीकडच्या शेवटच्या खुर्चीत, डबा मांडीवर ठेवून बसले होते.

काकांची ओळख सकाळीच झाली होती. बाबा मला मराठीत म्हणाले, "डावा खांदा खाली ठेव," तेव्हा समोर क्यूला, खेळायच्या काठीला, खडू लावणारे काका थांबले. "तूं मराठी काय ग?" त्यांनी विचारलं. त्यांचे शब्द जुन्या पुस्तकातल्यासारखे होते आणि सूर पूर्ण तमिळ. "आम्ही तंजावूरकडले. घरांत बोलतों. बाहेर कोण आहे बोलायला?" माझ्याकडून हरल्यावर त्यांनी नियमाप्रमाणे माझ्या दुसऱ्या सामन्याचं मार्किंग केलं, एकही गुण इकडचा तिकडे न करता. नंतर आम्ही तिघं जिन्याजवळ एकत्र जेवलो. त्यांनी दहीभात दिला, बाबांनी पोळी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. चटणी खाऊन काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ते म्हणाले, "अजून थोडी घाल मा."

सामन्याआधी मी स्पर्धेच्या संचालकांकडे गेले. म्हटलं, "सर, या निकालावर माझं पुढे जाणं अवलंबून आहे. दुसरं कुणी मार्कर मिळेल का?"

त्यांनी कागदांतून मान वर केली. "सहा टेबलं चालू आहेत. आणू कुठून? तू फसवणार आहेस का?"

"नाही सर."

"मग प्रश्न काय आहे?" त्यांनी मला मार्करचा कागद दिला आणि सकाळी सगळ्यांना सांगितलेलं पुन्हा सांगितलं. "आणि मिस उगाच देऊ नकोस. प्रामाणिक प्रयत्न दिसला तर नुसता फाउल."

हे मिस प्रकरण थोडं समजावून सांगते. आधी लाल चेंडूला मारायचं असतं. पांढरा चेंडू दुसऱ्या एखाद्या चेंडूमागे अडकला असेल तर खेळाडूला टेबलाच्या कडेवर, म्हणजे कुशनवर, आपटवून वळसा घालून लालपर्यंत पोचावं लागतं. पोचला नाही तर फाउल, प्रतिस्पर्ध्याला चार गुण. पण त्याने नीट प्रयत्नच केला नाही असं मार्करला वाटलं तर ती 'मिस' म्हणायची. मग प्रतिस्पर्धी सगळे चेंडू होते तिथे ठेवायला लावून त्याला तोच फटका पुन्हा मारायला लावू शकतो. नीट प्रयत्न म्हणजे काय हे कुठे मोजता येत नाही. ते मार्करने बघून ठरवायचं.

मला वाटलं होतं तो खेळाडू अर्ध्या तासात आटोपेल. पहिल्या दोन फ्रेम त्याने घेतल्याही. प्रत्येक वेळी गुण सांगताना माझा आवाज आनंदी तर येत नाही ना, याकडेच माझं लक्ष होतं. मग तो ढिला पडला. काका सावकाश खेळत होते. टेबलाभोवती एक फेरी, मग दुसरी, मग चष्मा पुसणं. त्याला ते सहन होत नव्हतं. दोन-एक झालं. नंतर दोन-दोन.

काकांबरोबर त्यांचे एक मित्र आले होते, ते पहिल्या रांगेत बसले होते. चौथ्या फ्रेमनंतर ते शेजारच्याला तमिळमध्ये, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मार्कर मॅडमनी पिल्लैयार गणपतीला नारळ बोललाय बहुतेक. पोरगा जिंकू दे म्हणून."

तीन-चार जण हसले. काका त्यांना म्हणाले, "सुम्मा इरु," म्हणजे गप बस. पण ते बोलणं माझ्या कानात बसलं. मी बाबांकडे बघितलं. ते टेबलाकडे बघत होते.

शेवटच्या फ्रेमला आजूबाजूच्या टेबलांवरची माणसंही येऊन उभी राहिली. तो चव्वेचाळीस, काका एकोणचाळीस, तीन लाल शिल्लक. काकांनी भोकात घालण्याचा विचारच केला नाही. त्यांनी एका लालला हलकासा धक्का दिला आणि पांढरा चेंडू परत आणून तपकिरीच्या मागे जवळजवळ चिकटवून ठेवला. टाळ्या पडल्या. तिन्ही लाल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, आणि सरळ रस्ता एकही नाही.

तो खूप वेळ उभा राहिला. आता तो ढिला नव्हता. वाकून त्याने बाजूच्या कुशनवरची एक जागा बघितली, मग समोरच्या कुशनवरची. मग मारला. पांढरा चेंडू दोन कुशनवरून आला, वेग बरोबर होता, आणि शेवटच्या लालच्या बाजूने गेला. मध्ये एक बोट मावलं असतं इतकंच अंतर. तो वरच्या कुशनला जाऊन थांबला. तिथून काकांना एकही लाल सोपा नव्हता.

फाउल तर होताच. सगळे माझ्याकडे बघत होते.

त्या दोन-तीन सेकंदांत काय झालं हे मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं आहे. ती मिस नव्हती हे मला दिसलं होतं. म्हणजे डोळ्यांना दिसलं होतं. पण डोक्यात नारळाचं वाक्य होतं. नुसता फाउल म्हटलं तर पहिल्या रांगेतून काय येईल, ते मला आधीच ऐकू येत होतं. त्याला वाचवलं, स्वतःसाठी वाचवलं. आणि मला असंही वाटलं की, ज्यात माझं नुकसान आहे तो निर्णय चुकीचा कसा असेल?

"फाउल, अँड अ मिस," मी म्हणाले.

त्याने मान झटकन वर केली. "मिस?"

मी पुन्हा म्हणाले, "मिस."

काका चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिले. चेंडू आहेत तिथूनच खेळायचं की त्याला पुन्हा मारायला लावायचं, हे आता त्यांनी ठरवायचं होतं. "पुन्हां ठेव मा," ते हळूच म्हणाले, मराठीतच.

मी चेंडू ठेवले. पांढरा तपकिरीच्या मागे ठेवताना माझ्या बोटाचा धक्का लागून तपकिरी हलला. तो परत जागेवर ठेवला, दोघांना विचारलं, बरोबर आहे ना. काका हो म्हणाले. त्याने दुसऱ्यांदा मारला, रागात, आणि या वेळी चेंडू हातभर लांबून गेला. आधीची मिस दिली होती, मग ही न देऊन कसं चाललं असतं? पुन्हा चार गुण. काका सत्तेचाळीस. तिसऱ्यांदा त्याचा चेंडू लालला लागला, पण तो लाल भोकाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

काकांनी घाई केली नाही. लाल, निळा, लाल, गुलाबी. मी प्रत्येक वेळी रंगीत चेंडू भोकातून काढून जागेवर ठेवत होते आणि गुण मोठ्याने सांगत होते, आणि प्रत्येक आकड्याबरोबर माझं हॉल तिकीट लांब जात होतं. शेवटी त्याने क्यू आडवा धरून हार मानली. तीन-दोन.

निकालाच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या, मग मार्करची. सही करताना काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचे मित्र मात्र उठून आले आणि माझ्याशी हात मिळवला. "सॉरी मा. एकदम फेअर आहेस तू." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, स्पर्धेतून बाहेर पडले तरी त्या क्षणी बरंच वाटलं.

तो खेळाडू क्यू पेटीत ठेवत होता. पेटी बंद करून तो माझ्यासमोर आला. अर्ध्या तमिळमध्ये, अर्ध्या इंग्रजीत म्हणाला, "सिस्टर, एक विचारू? तुम्ही दोघं एकाच भाषेतले ना? जिन्यात एकत्र जेवताना बघितलं मी. आणि मघाशी ते तुझ्याशी काय बोलले, ते इथे कुणाला कळलं?"

हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. "अहो, तुम्ही जिंकला असता तर मी..." असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"गप," मागून बाबा म्हणाले. फक्त एवढंच. तो निघून गेला.

आवडीच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली. दोन-तीन स्टेशनं गेली. मीच म्हटलं, "बाबा, तो मला लबाड म्हणाला. मी तर माझ्याच विरुद्ध निर्णय दिला. तुम्ही बोलू का दिलं नाहीत?"

"ती मिस नव्हती," बाबा म्हणाले.

"माहीत आहे."

"माहीत होतं तर दिलीस का?"

मी नारळाचं सांगितलं. लोक हसले ते सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "क्लबात साहेब हरले की माझ्याकडे बघतात. एकानं तर खडू फेकून मारलाय मला. म्हणून मी त्याला दोन गुण जास्त दिले का? आणि राग धरून दोन कमी दिले का?" मांडीवरचा डबा सरकवत म्हणाले, "तू आज चेंडू बघितलाच नाहीस, पोरी. माणसं बघत बसलीस."

"पण नुकसान माझंच झालं ना."

"तुझं तू केलंस. त्या पोराचं काय झालं ते त्याला विचार."

मला तेव्हा राग आला. त्याचं काय होणार होतं? गटातून तो गेलाच होता पुढे. माझी मात्र सेमिस्टर गेली होती. घर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

स्पर्धा रविवारी संपली. शेवटच्या दिवशी मी एकटीच निकाल बघायला गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. काका पहिल्याच फेरीत हरले होते, त्यामुळे त्या दिवशी ते तिथे नव्हते. दाराशी मानांकनाची अंतिम यादी लावली होती. प्रत्येक विजयाचे गुण, गटातल्या सामन्यांचेही, त्यात धरलेले होते. पहिल्या आठ नावांखाली एक जाड रेघ होती. त्या आठांना पुढच्या व्यावसायिक स्पर्धेत थेट प्रवेश होता. त्या खेळाडूचं नाव रेघेखाली पहिलं होतं. नववा. आठव्यापेक्षा एका विजयाहूनही कमी गुणांनी मागे.

मी ते दोन-तीनदा वाचलं. गटातला तो एक विजय धरला असता तर तो रेघेच्या वर असता. काकांनी पुढे ती फ्रेम तशीही जिंकली असती का? असेल. नसेलही. पण ते आता कुणालाच कळणार नव्हतं, आणि ते माझ्यामुळे.

तो बाहेर पाण्याच्या कॅनपाशी उभा होता. मी खूप वेळ जवळपास घुटमळले. शेवटी त्यानेच विचारलं, "काय?"

"त्या दिवशीची पहिली मिस," मी म्हणाले, "ती मिस नव्हती. माझी चूक झाली."

तो माझ्याकडे बघत राहिला. "आज सांगतेस?"

"त्या दिवशीही माहीत होतं. मी घाबरले होते. तुम्ही जिंकलात तर मी पुढे जाणार होते, म्हणून लोक हसत होते. मी तुमची बाजू घेतली असं वाटू नये, म्हणून..."

तो आत गेला. मला वाटलं, संपलं. पण तो भिंतीवरच्या गटाच्या तक्त्यासमोर उभा राहिला आणि बोटाने आमच्या तिघांच्या ओळी मोजत गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा विचित्र झाला होता. "म्हणजे तुझंही गेलं?"

"हो."

"भाषेचं नव्हतं?"

"नाही."

तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "मला वाटलं होतं, तू हुशारीने आपल्या माणसाला जिंकवलंस. त्याच्यावर निदान राग तरी धरता येत होता." ग्लास ठेवून तो म्हणाला, "ऐक सिस्टर. पुढे कधी माझ्या टेबलावर तुझं मार्किंग आलं तर मी दुसरा मार्कर मागेन. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी बरं म्हणाले. वाईट वाटलंच, पण तो चुकीचं बोलत नव्हता.

सोमवारी सकाळी मी पीटी मास्टरांकडे गेले. मेन ड्रॉ मिळाला नाही असं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण माझा चेहरा बघून त्यांनी खुर्ची पुढे ढकलली. "कितीने गेलं?"

"गटात दुसराच एक सामना फिरला, सर. शेवटच्या फ्रेममध्ये."

"फिरला म्हणजे?"

"मार्करचा निर्णय चुकला."

ते एकदम पुढे सरकले. "चुकला हे नक्की?"

"नक्की, सर."

"अगं मग आधी बोलायचं नाही का!" त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "अधिकाऱ्याच्या चुकीमुळे विद्यार्थिनीचं नुकसान झालं असेल तर मी प्रिन्सिपलशी बोलू शकतो. एका मुलाचं आम्ही तसं केलंय. फक्त लेखी हवं. त्या मार्करला गाठ. चूक मान्य आहे, त्यामुळे तू बाहेर गेलीस, एवढं दोन ओळीत लिहून सही. देईल का तो? कोण होता मार्कर?"

कागद समोर होता. बाहेर मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

"मीच होते, सर," मी म्हणाले.

त्यांना आधी कळलं नाही. मी हरलेल्याने मार्किंग करायची पद्धत सांगितली, मग बाकीचं सगळं सांगितलं. संपल्यावर त्यांनी तो कोरा कागद परत ओढून घेतला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि दुसरा छापील फॉर्म काढला. सेमिस्टर पुन्हा करण्याचा.

"इथे कारण लिहावं लागतं," ते म्हणाले.

मी लिहिलं, हजेरी कमी. त्यांनी वाचलं आणि खाली सही केली.